डावीकडे वळताना कुंई

आमची गाडी डावीकडे वळताना ओरडायला लागली ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. उजवीकडे वळताना शहाण्या मुलीसारखी गप्प. डावीकडे स्टेअरिंग फिरवलं की मात्र माझ्या पायांपाशी कुठंतरी 'कुंई' व्हायचं. फुगलेल्या फुग्यावरून बोट घासावं, तसं. सुरुवातीला मी ते ऐकायचंच नाही असं ठरवलं. या वयात कमी ऐकू येण्याची एक सवलत मिळते आणि मी ती सोयीप्रमाणे वापरते. नातीचा फोन असला की मला टाचणी पडलेली ऐकू येते, गल्लीतल्या भजनी मंडळाचा असला की लाइन खराब होते.

पूर्वी माझ्याकडे याहून जालीम औषध होतं. गाडीत कुठूनही आवाज आला की मी टेप मोठा करायची. झाली गाडी दुरुस्त! तेव्हाची गाडी वेगळी होती आणि ती चालवणारी बाईही वेगळी होती. चाळिशीत गाडी शिकलेली, पदराला पिन मारून गॉगल लावणारी. मूठभर जिऱ्यासाठी नागपूरच्या इतवारी बाजारात गाडी घेऊन जायची. पायी गेली असती तर लवकर परत आली असती, पण मग गाडी कोणाला दिसली असती? एकदा तिथल्या गल्लीत हातगाडी आणि टेम्पो यांच्यामध्ये अशी अडकली की पुढं ना मागं. शेवटी हमालांनी गाडीचा मागचा भाग उचलून बाजूला ठेवला, ही आत बसलेली असताना. उतरायचंही सुचलं नाही बाईला. उलट खिडकीतून हात काढून "थोडं इकडं, अजून थोडं" असं सांगत होती. घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, आज पार्किंग फार छान मिळालं.

नवऱ्याला सगळं आधीच कळलेलं होतं. आमच्या ह्यांचं दुकान त्याच गल्लीत होतं, मोटर वाइंडिंगचं. विहिरीवरचे पंप, पिठाच्या गिरण्यांच्या मोटरी, कूलरचे पंखे, जे जे फिरतं आणि फिरताना कुरकुरतं ते सगळं ह्यांच्याकडे यायचं. चालत्या मोटरीला लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक लावायचे, त्याची मूठ कानाच्या हाडावर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. मी नवी नवरी असताना पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हसू आवरेना.

"काय म्हणते मोटर?" मी विचारलं.

"म्हणते, नवीन बाई लय बोलते," हे म्हणाले. डोळे मिटलेलेच.

आता बोलायचं काम एकटी मीच करते. दोनेक वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. उजवा पाय थोडाफार परत आला, शब्द मात्र फारसे आले नाहीत. 'हो' आहे, पण तो कधी कधी 'नाही'च्या जागी येतो. 'नाही' मात्र पक्का आहे. 'पाणी' आहे. आणि 'भैताड' आहे. वेडपटाला आपल्याकडे जो शब्द आहे, तो. एवढ्या मोठ्या आजारात बायकोचं नाव वाहून गेलं आणि भैताड तेवढा कोरडा राहिला. डॉक्टर म्हणाले, शिव्या आणि हाका मेंदूच्या दुसऱ्या कप्प्यात असतात. मी म्हटलं, मग मी कोणत्या कप्प्यात होते? डॉक्टर हसले. मीही हसले. हसायला काही लागत नाही.

मंगळवारी मी ह्यांना बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या मुलीकडे नेते. ती चित्रं दाखवते, हे खिडकीबाहेर बघतात. तिथून आम्ही इतवारीत जातो. जुन्या दुकानासमोर नाही, ते तर आता मोबाइलची कव्हरं विकतं. गल्लीच्या तोंडाशी सावली बघून गाडी उभी करते. खिडकीची काच खाली असते. मग कोणी ना कोणी येतं. भांडीवाला, जवळचा चहावाला, जुने हमाल.

"काय भाऊ, तब्येत काय म्हणते?"

"भैताड," हे म्हणतात.

आणि समोरचा असा काही खुलतो की जणू आशीर्वाद मिळाला. अर्धा तास हे चालतं. आठवड्यातला हा अर्धा तास सोडला तर बाकी सगळा वेळ ह्यांच्यासमोर एक खिडकी, एक टीव्ही आणि एक मी.

हे सगळं होतं ते त्या गाडीमुळं. तिची पुढची सीट ह्यांच्या बेताची आहे. दारावरची मूठ डाव्या हातानं धरतात, आधी बूड टेकवतात, मग पायजमा चिमटीत धरून उजवा पाय आत ओढतात. मी मदत केलेली चालत नाही. ऑटोत चढवून पाहिलं होतं. पाय दुमडेना आणि मागं हॉर्न वाजायला लागले. बोलावलेली टॅक्सी उंच होती. ड्रायव्हरनं चांगल्या मनानं बगलेत हात घालून ह्यांना उचललं, पोतं उचलावं तसं. त्या दिवशी घरी आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून पडले आणि पुन्हा टॅक्सीचं नाव काढलं की 'नाही'. पक्कावाला.

तर अशी ती गाडी ओरडायला लागली. होळीला मुलगा पुण्याहून आला होता, त्यानं नेमकी ती डावीकडे वळवली.

"आई, हा कायचा आवाज?"

"कोणता?"

"स्टेअरिंगचा आवाज आहे हा. काहून बोलली नाही तू?"

"मले कमी ऐकू येते ना, बाबू."

तो हसला नाही. गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथं गाड्यांची रांग होती. मेकॅनिकनं एकदा स्टेअरिंग फिरवलं, मान हलवली आणि म्हणाला, "पूरा खोलना पडेगा. असेंब्लीच बदलनी पडेगी." त्याच्याजवळ वेळ नव्हता आणि मुलाच्या मनात धीर नव्हता. गाडी जुनी, चालवणारी तिच्याहून जुनी, शेजारी बसणाऱ्याला ओरडून सावधही करता येत नाही. भर चौकात स्टेअरिंग अडकलं तर? पोरगा घाबरला होता. घाबरला की तो मोठ्यानं हिशेबी बोलतो, लहानपणापासून.

"गाडी काढून टाकू. माझ्याजवळ गिऱ्हाईक आहे. पुढच्या वेळी येईन तेव्हा कागदं करून टाकतो. तोपर्यंत चालवायची नाही."

किल्ली त्यानं नेली नाही, एवढा तो चांगला आहे. पण मी शब्द दिला.

आणि एक सांगून टाकते. तो हे बोलला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. ह्यांना तयार करा, बाहेर काढा, चाकांची खुर्ची डिकीत टाका, उन्हात गाडी काढा, सिग्नलला घाम पुसा, परत या, पुन्हा सगळं उलट्या क्रमानं. गाडीच गेली तर कोणी मला विचारणार नाही, आज का नाही गेलात म्हणून. गाडी नव्हती, संपलं. मी त्या संध्याकाळी चहा पिताना पाय लांब केले. मग मंगळवार आला. हे सकाळीच आंघोळ करून, डाव्या हातानं शर्टाची बटणं वरखाली लावून, दारापाशी जाऊन बसले. मी सांगितलं, गाडी खराब आहे. ऐकलं, पण उठले नाहीत. जेवायची वेळ झाली तरी तिथंच. शेवटी मीच ठरवलं, तो आवाज आपणच शोधायचा. पाय पुन्हा आखडते घेतले, दुसरं काय.

पुढच्या दिवशी ऊन चढायच्या आत ह्यांची खुर्ची अंगणात, टिनाच्या शेडखाली, गाडीच्या तोंडापाशी ठेवली. बोनेट उघडलं. ह्यांच्या जुन्या पेटीतून लांब पेचकस काढला. मी आत बसून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंगचं कुलूप सुटेल एवढीच किल्ली फिरवली आणि चाक डावीकडे ओढलं. कुंई.

"कुठून येऊन राहिला?" मी ओरडले.

ह्यांनी मान वाकडी केली, डोळे मिटले. ते डोळे मिटलेले पाहून मला ती नवी नवरी आठवली, तिला किती हसू यायचं ते. आता ती पुढ्यात असती तर तिलाच खाली झोपवलं असतं, कंबर तिची चांगली होती.

"पाणी," हे म्हणाले.

मी उतरले. कंबर धरत आत गेले, ग्लासभर पाणी आणलं. ह्यांनी ग्लास बाजूला सारला. अर्धं माझ्या साडीवर सांडलं.

पुन्हा बसले. पुन्हा चाक ओढलं. कुंई.

"पाणी."

मला वाटलं गाडीतलं पाणी म्हणत असतील, इंजिन थंड ठेवणारं. डबी पाहिली, पाणी बरोबर होतं. सांगितलं तर म्हणाले, "पाणी. पाणी." आवाज चढवून. मग मला वाटलं कूलरमधलं संपलं असेल, त्याची मोटर कोरडी चालत असेल आणि ह्यांच्या कानांनी ते भिंतीपलीकडून टिपलं असेल. तेवढे कान आहेत ह्यांचे. गेले, कूलरची टाकी भरली. परत आले तर हे हात आपटत होते. "पाणी! भैताड!"

"मी भैताड? तुमची तहान भागवू, का गाडीची, का कूलरची? नीट सांगा एकदाचं, का मरू मी?"

असं बोलले. बोलून तिथंच गाडीच्या दारात बसले. ज्याला सांगता येत नाही त्यालाच नीट सांगा म्हटलं. शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या.

थोड्या वेळानं ह्यांनी डावा हात उचलला. अंगठा आणि बोट असं काही हलवलं, परत परत. फवारा. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते, तिचा चाप दाबतात तसं. मी बघत राहिले आणि मग दुकान आठवलं. मोटरीचा पट्टा ओरडायला लागला की हे त्याच्यावर पाण्याचे शिंतोडे मारायचे. आवाज बंद झाला तर दोष रबराचा. नाही झाला तर लोखंडाचा. एवढ्यावरून पुढचं सगळं ठरायचं. ह्यांना पाणी प्यायचं नव्हतं. पाणी मारायचं होतं.

"मेले मी," मी म्हटलं, "ग्लासात कशाला आणलं मग!"

हे हसले. अर्ध्या तोंडानं, पण पूर्ण.

बाटली आणली. मग आमची जोडी कामाला लागली. आधी पुढच्या चाकांमागची रबरं. वाकता येईना म्हणून पाट घेऊन बसले, हात घालून फवारलं, उठून आत आले, स्टेअरिंग ओढलं. कुंई. दुसऱ्या बाजूला. कुंई. बोनेटखाली जिथंजिथं काळं रबर दिसलं तिथंतिथं फवारलं. कुंई, कुंई. प्रत्येक वेळी उठणं आणि बसणं. मध्येच मला वाटलं, रबर नसेलच, मेकॅनिक खरा असेल, लोखंडच गेलं असेल, आणि मग मुलगा म्हणतो तेच बरोबर. आणि त्या विचारासरशी ती चहाच्या वेळची सुस्ती पुन्हा अंगावर यायला लागली, गोड, पांघरुणासारखी.

ह्यांनी पेचकस उचलला आणि खुर्चीतून वाकून गाडीच्या आत दाखवला. खाली, पायांपाशी. ब्रेकच्या मागं.

मला पहिल्या दिवसापासून आवाज पायांपाशीच येत होता आणि मी सगळी गाडी हिंडून आले होते.

तिथं स्टेअरिंगचा दांडा गाडीच्या आतून खाली उतरतो आणि एका भोकातून इंजिनाकडे जातो. भोकातून धूळ येऊ नये म्हणून दांड्याभोवती रबराची एक टोपी असते. ती बघायला डोकं थेट ब्रेकपर्यंत न्यावं लागतं. ड्रायव्हरचं दार उघडून मी जमिनीवर सतरंजी टाकली, गुडघे टेकले, डोकं आत घातलं. बाकीची मी बाहेर.

तेवढ्यात शेजारीण कुंपणावरून ओरडली, "अवं माय! काकू, पडल्या का काय वं?"

"पडली नाही वं," मी आतून म्हटलं, "गाडीच्या पाया पडून राहिली."

"अन् काका?"

"ते आशीर्वाद देऊन राहिले."

ती आत गेली. गल्लीत दुपारपर्यंत सांगायला तिला पुरेल एवढं झालं होतं.

मी फवारलं. त्या टोपीला वरून, खालून, दांड्याभोवती. अर्धं पाणी माझ्याच तोंडावर आलं. मग हे उठून दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसले, त्यांच्या पद्धतीनं, पाय ओढून, आणि अंग वळवून डाव्या हातानं स्टेअरिंग धरलं. थोडंसं इकडं, थोडंसं तिकडं.

काही नाही.

"अजून," मी म्हटलं.

काही नाही. नुसता दांडा फिरल्याचा मऊ आवाज.

आम्ही वाट पाहिली. नागपूरचं ऊन, पाणी टिकतं किती? रबर वाळलं, ह्यांनी चाक ओढलं आणि कुंई परत आली. तिच्या परत येण्याचा मला एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं. आता ती कुठं राहते ते कळलं होतं.

आणि इथं मी माझ्या माहेरावर गेले. माझं माहेर उमरेडचं, विणकरांचं. आमच्या घरी मागावर काहीही कुरकुरलं की पहिला हात तेलाच्या पळीकडे जायचा. विचार नंतर. मी उठले, शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि सोडणार तोच ह्यांनी माझं मनगट धरलं.

"नाही."

पक्कावाला. मनगट सोडेनात. माग लाकडाचा आणि लोखंडाचा असतो. तेल प्यायलं की रबर आधी गप्प बसतं, मग फुगतं, मग फाटतं. हे ह्यांनी मला दुकानात नाही म्हटलं तरी शंभरदा ऐकवलं होतं. पण तेव्हा ऐकणारी गॉगल पुसत असायची.

ह्यांनी पेटीकडे बोट केलं. तळाशी एक ट्यूब होती, पाण्यातल्या पंपांच्या रबरांना लावायच्या पांढऱ्या सिलिकॉन ग्रीजची. तोंडाशी वाळलेली. पिन खुपसून उघडली तर आत ताजी होती. पुन्हा सतरंजी, पुन्हा गुडघे. टोपीच्या कडेची माती ओल्या फडक्यानं काढली, वाळू दिली आणि बोटानं ते ग्रीज रबराच्या आतल्या ओठाला सगळीकडून लावलं. ब्रेकला लागू नये म्हणून पदरानं पुसत पुसत. उठताना दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून उठले. ते फिरलं. आवाज नाही.

नंतर दिलेल्या शब्दाप्रमाणे मी चालवली नाही, शेजारणीच्या नवऱ्यानं गाडी गॅरेजपर्यंत नेली. मेकॅनिकनं गाडी वर उचलून चाकं हलवून पाहिली, दांडे ओढून पाहिले. सगळं घट्ट होतं. "रबर ही था क्या," तो म्हणाला, "चलो, अच्छा हुआ." त्यालाही एक काम कमी झालं.

मुलगा आला तो रविवारी. पिशवी ठेवायच्या आत किल्ली घेतली. डावीकडे चाक फिरवलं. कान खाली केला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा फिरवलं. मग गल्लीला चक्कर मारून आला, डावीडावीकडूनच असणार. उतरला. फोन काढला, शेडच्या टोकाला जाऊन कोणाला तरी म्हणाला, "नाही, सध्या देऊन नाही राहिलो. हो, घरचे वापरतात."

परत आला.

"आवाजाचं नाही, आई. तूच किती थकली आहेस."

"थकली ना. मग? गाडी विकून मी ताजी होऊन राहिली का?"

"मी म्हणजे..."

"तू म्हणजे असं कर, महिन्यातून एक मंगळवार तू येऊन चालव. मी मागं बसतो अन् झोपतो."

तो हसला. हो म्हणाला. त्याचा 'हो' बापाच्या 'हो'सारखा आहे का, ते कळेल.

एवढ्यात हे खुर्चीवरून उठून गाडीपाशी गेले होते. दारावरची मूठ, बूड, मग पायजम्याच्या चिमटीतून पाय. बसले. समोर बघत म्हणाले, "पाणी."

मुलगा धावत आत गेला. मला ठाऊक होतं ह्यांना तहान लागलेली नाही. फवाराही नको होता. त्या दिवसापासून गाडीला आमच्या घरी पाणीच म्हणतात, हे सांगता आलं असतं. नाही सांगितलं. इतका दमलेला जीव माझा, त्याला एवढी गंमत परवडते.

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले. इंजिन सुरू केलं. मुलगा काठोकाठ भरलेला ग्लास सांभाळत, पावलं मोजत बाहेर आला आणि खिडकीतून बापापुढं धरला.

ह्यांनी ग्लासाकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"भैताड," ते म्हणाले.

"मागं बस," मी मुलाला म्हटलं, "अन् ग्लास सांभाळ. गेटातून निघालं की डावीकडे वळायचं आहे."